जांभळी पट्टी

कुरुंदा, सोमवार, ५ जानेवारी २०२६

पाचवे प्रकरण आज पुन्हा पहिल्या ओळीपासून लिहायला घेतले. प्रकाशकांना मार्चअखेर संपूर्ण हस्तलिखित हवे आहे, आणि निवृत्तीनंतर पुणे सोडून मी भावाच्या घरी येऊन राहिले ती याच एका कामासाठी. विषय ऐकून माणसे भुवया उंचावतात: आरमारातील वरिष्ठ अभियंता-अधिकाऱ्यांच्या पदांचा इतिहास. समुद्रापासून इतक्या दूर, हळदीच्या शेतांच्या मधोमध बसून? मी उत्तर देत नाही. ज्याला विषयाचे मोल समजावून सांगावे लागते, त्याला ते समजावूनही समजत नाही.

आजचे परिच्छेद समाधानकारक उतरले. ब्रिटिश आरमारात वाफेचे इंजिन आले आणि त्याच्याबरोबर ते चालवणारी माणसे आली. पण त्यांना बरोबरीचे अधिकारी म्हणायला आरमार तयार नव्हते. सर्वांत वरच्या अभियंत्याचे पदनामही 'चीफ इन्स्पेक्टर ऑफ मशिनरी' असे, एखाद्या कारखान्यातल्यासारखे. १९०३ साली 'इंजिनिअर कॅप्टन', 'इंजिनिअर रिअर अ‍ॅडमिरल' अशी नावे मिळाली खरी. पण दार उघडले आणि उंबरठा तेवढाच उंच ठेवला. पदाच्या आधी 'इंजिनिअर' हा शब्द सक्तीचा, आणि बाहीवरच्या सोनेरी पट्ट्यांच्या मध्ये जांभळ्या कापडाची पट्टी. डॉक्टरांना लाल, हिशेबनिसांना पांढरी. डेकवर उभे राहून हुकूम देणाऱ्यांच्या बाहीवर मात्र कोणताच रंग नाही.

शेवटचे वाक्य: 'हे नियम करणारी माणसे एक तर दुष्ट होती किंवा मूर्ख.' नेमके वाक्य आहे. ठेवणार.

रविवार, ११ जानेवारी

सरपंच माणिकराव येऊन गेले. सव्वीस जानेवारीला गावातल्या यशस्वी मुलांचा सत्कार आहे. माणिकरावांचा मुलगा रुद्र फौजदार झाला, एकीला वैद्यकीय प्रवेश मिळाला, एक जण तलाठी झाला, आणि नामाजीची पुनम आरमाराच्या अभियंता शाखेत सब-लेफ्टनंट आहे. आरमार हा माझा विषय. म्हणून प्रमुख भाषण माझे.

त्यांनी मोबाइलवर फ्लेक्सचा नमुना दाखवला आणि माझे डोके फिरले. पुनमच्या फोटोखाली ठळक अक्षरांत 'जहाजाची कॅप्टन'.

"हे कोणी लिहिले?"

"नामाजीनं सांगितलं. गावभर तसंच म्हणून राहिलाय तो. जवळा बाजारच्या पाव्हण्यांलाबी निरोप धाडलेत, पोरगी कप्तान झाली म्हणून."

"ती कॅप्टन नाही. कॅप्टन व्हायला वीस-बावीस वर्षे लागतात. आणि जहाजाची कमान अभियंत्याकडे जातच नाही."

"बगा! आमाला काय ठावं? अडाणी मानसं आमी." माणिकराव हात जोडून हसले. "मंग बराबर काय ते तुमीच करून द्या, मॅडम. कुणाचं नाव पयलं, कुणाचं मागून, ते बी तुमीच लावा. तुमी लावलं की कुणी बोलणार न्हाई."

मी होकार दिला. निदान एक काम तरी या गावात अचूक होईल.

फ्लेक्सवर माझ्या नावाआधी 'महिला इतिहासकार' असे होते. तो 'महिला' मी तिथल्या तिथे काढायला लावला. आयुष्यभर खोडत आले आहे तो शब्द.

बुधवार, १४ जानेवारी

क्रम निश्चित केला. प्रथम रुद्र, मग वैद्यकीयची मुलगी, मग तलाठी, चौथी पुनम. सत्काराचा क्रम भावनेने लावायचा नसतो, अधिकाराने लावायचा असतो. फौजदार हुकूम देतो. वैद्यकीय प्रवेशाला गुणवत्तेचे वजन आहे. तलाठ्याकडे महसुली अधिकार आहेत. अभियंता यंत्र सांभाळतो. यात ना घराण्याचा संबंध, ना जातीचा.

संक्रांतीचे तिळगूळ वळता वळता चतुराबाईने (माझ्या भावाची, किशनची बायको) यादी वाचली आणि तिचा हात थांबला.

"आक्का, पुनम चवथी?"

"का?"

"नामाजीला शब्द देलता समद्यांनी. पोरीचं नाव पयलं घेऊ म्हणून."

"शब्द कशाच्या आधारावर दिला होता? ती कॅप्टन आहे या गैरसमजावर."

"तसं न्हाई वो. आपल्या गावात पयलं नाव ज्याचं, त्याच्या बापाला फेटा. बाकीच्या बापांला नुसती शाल. ठावं हाय ना तुमाला?"

मला ठाऊक होते. तो फेटा भर गावासमोर, हलगी वाजवत, गावातला सर्वांत वयस्कर माणूस बांधतो. पण एखाद्याला फेटा मिळावा म्हणून क्रम बदलणे म्हणजे टोपीच्या मापाने डोके कापणे. तसे मी तिला म्हटले.

"तुमी शिकलेल्या," ती म्हणाली आणि तिळगूळ वळू लागली. ते मान्य करणे होते की टोमणा, हे मला ठरवता आले नाही.

नामाजीविषयी नोंद हवी. हटकर धनगर कुटुंब, शेळ्या-मेंढ्या आणि थोडी कोरडवाहू जमीन. आमच्या शेतात खतासाठी दरवर्षी त्याची मेंढरे बसतात. त्याचा बापही बसवायचा. बोलायला आला की ओसरीच्या पायरीवर बसतो, चहा घेतो, जातो. मोजके बोलणारा माणूस. या 'कॅप्टन' प्रकरणात त्याने इतकी बढाई मारावी याचे मला आश्चर्य वाटते.

सोमवार, १९ जानेवारी

वसमतला जाऊन फ्लेक्सच्या दुकानात स्वतः उभी राहिले. हे केले नसते तर प्रत्येक नावात काही ना काही राहिले असते.

एक कल्पना सुचली, आणि ती सुचल्याचा आनंद अजून ओसरलेला नाही. पुनमच्या फोटोखाली 'अभियंता सब-लेफ्टनंट' असे लिहून घेतले. आज आपल्या आरमारात पदाआधी असा शब्द लावत नाहीत हे मला अर्थातच ठाऊक आहे. पण गावकऱ्यांना फरक कळायला हवा. आणि ती अक्षरे जांभळ्या पट्टीवर घेतली. बाकीच्यांची नावे साध्या पांढऱ्यावर, फक्त तिची जांभळ्यावर. भाषणात मी त्या पट्टीचा इतिहास सांगेन, ती अपमानाची खूण कशी होती ते उलगडेन, मग क्षणभर थांबेन, आणि शेवटी मागच्या फ्लेक्सकडे हात करून म्हणेन की आज कुरुंद्याने त्याच पट्टीला सन्मान दिला आहे. सभागृहात असे क्षण कसे घडवायचे ते मला येते.

दुकानदाराने विचारले, "पट्टी बारीक घेऊ का, मॅडम? फोटूवर येऊन राहिली." मी रुंदच ठेवायला सांगितली. मागच्या रांगेतूनही दिसली पाहिजे.

शनिवार, २४ जानेवारी

पुनम रजेवर आली आहे. संध्याकाळी भेटायला आली. साधा पंजाबी ड्रेस, केस आखूड, आणि दारातूनच हसत.

"आत्या, तुमी आमच्यावर पुस्तक लिहून राहिल्या म्हणे. आमच्यावर कुणी लिहितंय, ह्याच्यावर आमच्या जहाजावर विश्वास ठेवणार न्हाई कुणी."

मी तिला इंजिनकक्षाविषयी विचारले. तापमान, आवाज, घाम. सगळे तिने हातवारे करून सांगितले. "वरून फोन येतो, आज वारा काय छान सुटलाय म्हणून. आमी खाली भाजून राहिलो. मी म्हणते, सर, थोडा बाटलीत भरून पाठवा."

मी पाचव्या प्रकरणातला जांभळ्या पट्टीचा भाग तिला वाचून दाखवला.

"आता न्हाई ना ती पट्टी?"

"नाही. तिकडे १९५५च्या सुमारास गेली."

"बरं झालं," ती म्हणाली. "कामात कुणाचं काही वाटत न्हाई, आत्या. पण जेवायला बसल्यावर कुणी बाहीकडं बघावं, ते वाईट."

फार समर्पक. वापरता येईल. फ्लेक्सविषयी तिला काही सांगितले नाही. तो क्षण मंचावरच घडायला हवा.

जाताना तिने सांगितले की नामाजीने नवा सदरा शिवला आहे आणि डोक्याला दोन दिवस तेल लावत नाही, फेटा घसरू नये म्हणून. क्रम बदलला आहे हे त्याला कोणी सांगितलेले दिसत नाही. ते माणिकरावांचे काम. मी बोलले नाही.

सोमवार, २६ जानेवारी

आज लिहिणार नाही.

मंगळवार, २७ जानेवारी

लिहिणे भाग आहे, कारण न लिहिल्याने ते घडले नाही असे होत नाही.

झेंडावंदन झाले. शाळेच्या मैदानात मंच, मागे फ्लेक्स. पुनम पांढऱ्या गणवेशात होती, खांद्यावर सोनेरी पट्टी, आणि दुसरा कोणताही रंग नाही. मंचावर चढताना तिने वर पाहिले, फ्लेक्स वाचला, आणि चौथ्या खुर्चीवर बसली. पट्टी इतकी रुंद आली होती की तिची हनुवटी तिच्यात बुडाली होती. नामाजी पहिल्या रांगेत, नव्या सदऱ्यात, डोके उघडे. शेजारी त्याची बायको चंद्रभागाबाई आणि जवळा बाजारचे पाहुणे.

पहिले नाव रुद्रचे पुकारले गेले. हलगी वाजली, आणि फेटा माणिकरावांच्या डोक्याला बांधला गेला. नामाजी अर्धवट उठला होता. तो तसाच वाकलेला राहिला, मग गुडघ्यावर पडलेले काही झटकल्यासारखे करून खाली बसला.

हे मी पाहिले. पाहूनही बोलायला उभी राहिले.

माझे भाषण चांगले झाले. हे मी प्रौढीने लिहीत नाही. भाषण जितके चांगले, तितका हा प्रकार वाईट. जहाजाच्या पोटात राबणारी माणसे आणि त्यांना वर येऊ न देणारी माणसे, दोन्ही मी उभी केली. मी म्हटले, "सोन्याच्या पट्ट्यांमध्ये जांभळे कापड. त्याचा अर्थ एकच होता: हा आपल्यातला नव्हे." आणि ठरवल्याप्रमाणे थांबले.

त्या थांबण्यात माना वळू लागल्या. एक, मग चार, मग रांगच्या रांग. सगळे माझ्या मागे, वर पाहत होते.

चंद्रभागाबाई उठल्या. आवाजात राग नव्हता. राग असता तर मी उत्तर दिले असते.

"मंग आमच्या पोरीला काहून लावली वो, मॅडम?"

पुढचे वाक्य मला पाठ होते. 'आज कुरुंद्याने त्याच पट्टीला सन्मान दिला आहे.' ते तोंडात आले आणि मला ऐकू आले, बाहेर न पडताच. मी शिकवलेल्या शेकडो विद्यार्थ्यांपैकी कोणी ते लिहिले असते तर मी लाल शाईने विचारले असते: कोणी दिला? कोणाला विचारून?

पुनम उठली. "आई, बस. रंग हाय नुसता. पाण्यानं जाईल." लोक हसले, सुटका झाल्यासारखे. माझी सुटका तिने केली, जिला मी तिथे बसवले होते. शालीसाठी नामाजीचे नाव पुकारले तेव्हा खुर्ची रिकामी होती. कोणी तरी म्हणाले, मेंढरं सोडायची येळ झाली.

सायंकाळी माणिकराव फेट्यासकट आले. "मॅडम, तुमच्यामुळं क्रम बराबर लागला बगा. मी लावला असता तर लोक म्हणले असते, सरपंचानं सोताच्या पोराला वर चढवलं. तुमी लावला, मंग बोलायला जागाच न्हाई."

ते गेल्यावर चतुराबाई भांडी घासताना म्हणाली, "यादी वाचली तवाच सरपंचाचा डाव कळला होता मला. तुमाला ठावं न्हाई असं मला वाटलंच न्हाई, आक्का. मला वाटलं, तुमचं बी तसंच म्हणणं हाय."

यापेक्षा कठोर परीक्षण माझ्या कोणत्याही पुस्तकाचे झालेले नाही.

गुरुवार, २९ जानेवारी

वसमतहून फेटा आणला, चांगल्या कापडाचा, आणि किशनच्या मोटारसायकलवर मागे बसून नामाजीचा कळप बसला होता त्या शेतातल्या आखाड्यावर गेले. काय बोलायचे ते जाताना तीनदा रचले. तिसऱ्यांदा त्यातली विशेषणे काढली.

कोकरांच्या आडोशाला त्याने फ्लेक्सचा तुकडा बांधला होता. फ्लेक्स कापून ज्याचा त्याला दिला होता म्हणे. छापील बाजू आत होती. मी खाली वाकून पाहिले: आत, कोकरांच्या वर, पुनमचा चेहरा आणि ती पट्टी.

"उलटा लावला का?" मी विचारले. मला वाटले, लाजेने.

"उन्हानं रंग उडतो, आक्का. पोरीचं तोंड जाईल." तो कोकराला पाजत होता, वर पाहिले नाही. "पट्टी कापावी म्हणलं. पर हनवटीपस्तोर हाय ती. पट्टी कापली की पोर बी कापावी लागतीय."

मी फेटा पुढे केला. जे रचले होते त्यातले एकच वाक्य निघाले: "माझी चूक झाली."

त्याने हात पुसले, कापड दोन बोटांत धरून पाहिले, कौतुकाने पाहिले, आणि परत माझ्या हातांवर ठेवले.

"कापड चांगलं हाय. पर फेटा मानसात बांधत असतेत. हितं मेंढरंच हायत."

"मग सरपंचांना सांगून पुन्हा..."

"नगं. दुसऱ्या खेपंला बलावून बांधला की लोक फेटा बघत न्हाईत. काहून बांधला, ते बघतेत." मग, माझी समजूत काढल्यासारखे: "मीच येडा. कप्तान म्हणत फिरलो. पोरगी सांगून राहिली, बाबा, तसं नसतं. मला तेवढाच एक शबुद ठावं होता. मोठा वाटला, म्हणून म्हणलं."

बढाई नव्हती ती. त्याच्याकडे असलेला सर्वांत मोठा शब्द त्याने मुलीला दिला होता. माझ्याकडे शब्दांची कमतरता नव्हती.

रविवार, १ फेब्रुवारी

पुनम आज गेली. मी फाट्यावर गेले होते. एसटी उशिरा होती, त्यामुळे नको असलेला एकांत मिळाला.

पुस्तक तिला अर्पण करायचे ठरवले आहे, असे मी सांगितले. ती हसली, तेच दारातले हसू, पण थोडे दमलेले.

"अर्पण काय करता, आत्या. मी परवा जहाजावर असीन. तिथं कुणाला ठावं बी न्हाई की कुरुंद्यात पट्टी लागली होती. बाबाला हितंच राहायचंय. रोज त्याच रस्त्यानं मेंढरं न्यायचीत."

"मी काय करू, सांग."

तिने रस्त्याकडे पाहिले. "तुमच्या घरी बाबा किती वर्षं येतो?"

"माझ्या लहानपणापासून. आधी त्याचे वडील."

"कुठं बसतो?"

गाडी आली. तिने बॅग उचलली, माझ्या पायांना हात लावला (मी मागे सरले, तरी लावला) आणि चढली. उत्तराची तिला गरज नव्हती. २४ तारखेला जेवणाविषयी ती जे बोलली होती, ते मी 'समर्पक, वापरता येईल' म्हणून या वहीत टिपले होते.

बुधवार, ४ फेब्रुवारी

पाचवे प्रकरण उघडले. 'हे नियम करणारी माणसे एक तर दुष्ट होती किंवा मूर्ख.' वाक्य खोडले. ती माणसे बहुधा नेमकी होती, सुशिक्षित होती, आणि रात्री त्यांना शांत झोप लागत असावी. पण हे कोणत्या पुराव्यावर लिहायचे? पुरावा माझ्याकडे आहे. तळटीप देता येत नाही.

सोमवार, ९ फेब्रुवारी

नामाजीची मेंढरे आजपासून आमच्या शेतात बसली. मला वाटले होते, या वर्षी तो येणार नाही. खरे तर तशी आशा होती. किशनला दिवाळीत शब्द दिला होता म्हणून आला.

सायंकाळी बोलायला आला. मी आधीच ओसरीवर खुर्ची मांडून ठेवली होती, माझीच, लिहिण्याची. त्याने पायरीपाशी चपला काढल्या.

"या, बसा, नामाजी," मी म्हटले. 'बसा' ऐकून किशनने वर पाहिले. मी त्यांना आजवर कधी 'अहो-जाहो' केले नव्हते, आणि ते माझ्याहून दहा वर्षांनी मोठे आहेत, हे त्या एका शब्दाने सगळ्या ओसरीला कळले. मलाही.

"असू द्या, आक्का."

"नाही. बसा."

त्यांनी खुर्चीकडे पाहिले. खांद्यावरची घोंगडी काढली, नीट चौघडी केली, आणि खुर्चीवर ठेवली. जपून, एखाद्याला बसवावे तशी. मग स्वतः पायरीवर बसले, आणि किशनला विचारले की मेंढरे विहिरीकडच्या अंगाला आधी बसवायची की बांधाकडच्या.

चतुराबाईने चहा आणला. खुर्ची भरलेली होती. पायरीवर त्यांच्या शेजारी जागा होती. पण तिथे आज जाऊन बसणे म्हणजे पुन्हा मी माझ्या मनाने एक क्षण घडवणे झाले असते. त्यांनी बोलावले असते तर बसले असते. त्यांनी बोलावले नाही.

चहा संपेपर्यंत मी उभी राहिले.